बिनआवाजाचं मत

गिरणीत साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खडखडाटात काही ऐकू यायचं नाही, म्हणून विणकर एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायचे. संप झाला, गिरणी बंद पडली, पण आमच्या लालबागच्या चाळीतल्या मामांची सवय काही सुटली नाही. संध्याकाळी ते समोरच्या गॅलरीतल्या गिरणीच्या सोबत्याशी आवाज न काढता गप्पा मारायचे. "जेवलंस काय रे?" एवढंच असायचं, पण त्या पिवळ्या उन्हात स्वप्नातली माणसं बोलताहेत असं वाटायचं. बघून बघून मलाही थोडं कळू लागलं होतं.

तो सोबती चाळ कमिटीच्या अध्यक्षपदाला उभा राहिला. गिरणीत वीस वर्षं दोघांचे साचे शेजारी होते. मामांचं मत ठरलेलंच होतं. पण सोबत्याने उपाध्यक्ष म्हणून एका कंत्राटदाराला बरोबर घेतलं, आणि मत दोघांना मिळून एकच द्यायचं होतं.

सभेत सोबती माईकवरून चाळीच्या दुरुस्तीबद्दल छान बोलत होता. सगळे त्याच्याकडे बघत होते. मामा मात्र त्याच्या मागे बसलेल्या कंत्राटदाराचे ओठ बघत होते. तो शेजारच्याशी काहीतरी कुजबुजला.

"काय म्हणाला, मामा?" मी विचारलं.

"म्हणतोय, एकदा निवडून येऊ दे, मग या म्हाताऱ्यांना विचारतंय कोण!"

मामा उठून उभे राहिले. सोबत्याने त्यांच्याकडे पाहिलं. मामांचे ओठ हलले, आवाज नव्हता.

"तुला दिलं असतं रे मत. त्याच्यासकट नाही देणार."

भाषण मध्येच थांबलं.

"अरे, माईक बघा, माईक!" मागून कुणीतरी ओरडलं.