सुटी शेवंती
शेवंतीचा वास आला की मला अकोल्यातल्या त्या सभागृहामागची कोंदट खोली आठवते. विद्यार्थी नेतृत्व संमेलनाला आमच्या तालुक्याच्या कॉलेजची प्रतिनिधी म्हणून मी गेले होते, आणि भाषण बसमध्ये घोकून घोकून पाठ झालं होतं. पाहुण्यांसाठी हारांऐवजी टोपलीभर सुटी फुलंच आलेली पाहून आमचे सर सगळ्यांदेखत म्हणाले, "इच्या घरी फुलायचा मळा आहे. बस वं, गुंफ पटापट." मी विचारलं, "सर, माह्यं भाषण?" "बलावतो न तुले." मी मागच्या खोलीत ओल्या फरशीवर बसून गुंफत राहिले. थोड्या वेळाने माइकवर माझं नाव पुकारलं. दोरा दातात तसाच धरून मी उठले, तोवर सरांचा आवाज आला, "आमची पोरगी लाजून लपून बसली." सभागृह खदाखदा हसलं आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "हार मात्र झकास झाले." आता अमरावतीत माझं फुलांचं दुकान आहे. परवा ते सर वारले, तेव्हा त्यांचा मुलगा घाईघाईने हार घ्यायला आला. माझ्यामागे तयार हार टांगलेले होते. मी टोपलीभर सुटी शेवंती त्याच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "गुंफायले कोणी मोकळं नाही. घरीच गुंफून घ्या."