पष्टेबाईंना आता सुटी द्या

मालती पष्टेबाईंची आणि माझी पहिली भेट मुरबाडच्या एस.टी. स्टँडामागच्या एका पत्र्याच्या खोलीत झाली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या गावातून मी टायपिंग शिकायला आलो होतो आणि चुकून शेजारच्या संगणक वर्गात शिरलो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय शिकायचंय रे?" मी म्हटलं, "टायपिंग." बाई म्हणाल्या, "मग बस. इथं पण टायपिंगच आहे. फक्त एक कंस चुकला की अख्खं पान आडवं होतं." मी बसलो. तो आजपर्यंत बसलेलाच आहे. मान आखडली, पाठ कामातून गेली, पण खुर्ची काही सुटली नाही.

बाईंच्या साठीनिमित्तच्या गौरव अंकासाठी लेख द्या, असं गौरव समितीनं सांगितलं तेव्हा खरं सांगतो, नको वाटलं. दिवसभर लोकांच्या वेबसाइट दुरुस्त करून बोटं वैतागलेली असतात. तरी लिहितोय, कारण मला समितीशी भांडायचंही आहे. सत्काराच्या दिवशी समिती बाईंना नवे संगणक देणार आणि शहापूरला त्यांचा आणखी एक वर्ग सुरू होणार, असं जाहीर करणार आहे. तो वर्ग बाईंच्या गळ्यात घालू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. कारण सांगतोच. पण आधी बाई शिकवतात कशा, ते ऐका.

मुरबाडात तेव्हा इंटरनेट नावालाच होतं. वर्गात वेबसाइटचं पान तयार करायचं, फ्लॉपीवर घ्यायचं आणि जीपनं कल्याण गाठून तिथल्या सायबर कॅफेतून चढवायचं. आपल्या मशीनवर सगळं झकास दिसायचं. कल्याणला जाऊन उघडावं तर फोटोंच्या जागी नुसत्या फुल्या! कारण फोटोचा पत्ता आपल्याच मशीनच्या सी ड्राइव्हचा दिलेला. जगाला तो कुठून सापडणार? आमच्यातल्या एकानंही ही चूक करायची सोडली नाही. शेवटी बाईंनी नियमच केला. फोटो पानाच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा, पत्ता तिथून द्यायचा, आणि शेजारच्या मशीनवर शेजाऱ्यानं उघडून दाखवल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. "आपल्या घरात आपलं सगळं गोडच लागतं रे," बाई म्हणत, "त्याला चाखू दे."

बाकीच्या युक्त्याही अशाच साध्या. टॅग, म्हणजे कंसातली खूण, उघडला की आधी तो बंद करायचा, मग आत लिहायचं. त्या काळी पानं टेबलात टेबल, म्हणजे चौकटीत चौकट घालून उभी राहायची, म्हणून प्रत्येक टेबल संपलं की तिथेच टीप लिहायची की हे कुठलं संपलं. चूक सापडेनाशी झाली की अर्धा कोड झाकून, म्हणजे तात्पुरता बंद करून बघायचा. चूक गेली तर ती झाकलेल्यात आहे. कुठून आयता कोड आणला तर त्यातली एकेक ओळ काढून काय मोडतं ते पाहायचं, मगच वापरायचा. आणि दर दोन ओळींना सेव्ह, कारण "लाइट काय कुणाला विचारून जात नाय." हे सगळं मी आता आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना सांगतो. मुलं मान डोलावतात आणि होतं तसंच चिकटवतात. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

बाईंच्या मायेचा अनुभव सांगायचा तर मला कल्याणची पहिली नोकरी आठवते. एका गिऱ्हाइकाच्या पानावरचा मेन्यू एका ब्राउझरमध्ये उघडायचा, दुसऱ्यात ढिम्म हलायचा नाही. मालक डोक्यावर उभा. संध्याकाळपर्यंत झालं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यानं तोंडावर सांगितलेलं. मी बाईंना फोन लावला. बाईंनी मेन्यू चालवणारं अख्खं स्क्रिप्ट फोनवरून सांगितलं. "कंस उघड. उघडलास? आता बंद कर, मग पुढं." मागून त्यांच्या यजमानांचा, आबांचा आवाज येत होता, "अगं, भात निवला! जेव तरी!" बाई म्हणाल्या, "थांबा हो जरा, पोराचं अडलंय." मेन्यू उघडला, नोकरी राहिली.

ही गोष्ट मी कौतुकानं चारचौघांत सांगायचो. मग कळलं की ती प्रत्येकाकडे आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या सापगावच्या वंदनाकडे आहे, वाशीला गेलेल्यांकडे आहे, पुण्याच्या मंडळींकडे आहे. सगळ्यांचं अडतं, आणि सगळे एकाच बाईंना फोन लावतात. वर्गाचं काम वेगळंच. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं!

गेल्या महिन्यात समितीच्या वतीनं आमंत्रण द्यायला मीच बाईंच्या घरी गेलो. नव्या वर्गाचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "आता नाय रे होत. स्क्रीनकडे बघितलं की डोळ्यांना धार लागते. एका कंसाचे दोन दिसतात. पोरांना वाटतं बाई विचार करतायत. मी नुसती डोळे मिटून बसलेली असते."

"मग नाही म्हणून टाका ना, बाई!"

"तुमी एवढं हौसेनं करताय. नाय कसं म्हणू? आणि तू कुणाला सांगू नको, सांगून ठेवते."

आबा ओट्यावरून म्हणाले, "तिला तोंड नाय फुटायचं. तुमीच सांगा."

मी समितीला सांगून पाहिलं. "बाई असंच म्हणतात, कौतुकाला लाजतात," असं हसत हसत उत्तर मिळालं. लाजतात कुठल्या? डोळे गेल्यावर तुमचा विश्वास बसणार आहे का? राग येतो मला. म्हणून बाईंचा शब्द मोडून इथे छापून सांगतोय. बाई, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

संगणक द्यायचेच असतील तर आम्हा विद्यार्थ्यांना द्या. शहापूरचा वर्ग वंदना आणि मी रविवारी चालवू; आमचं बोलणं झालं आहे. आम्हाला हौस आहे असं समजू नका. आठवड्यातला एकच दिवस अंग टाकायला मिळतो, तोही जाणार. वंदना तर म्हणाली, "मला मेलीला झोप मिळायची ती रविवारीच." पण आम्ही पन्नाशीच्या आतले आहोत. आमचे डोळे अजून शाबूत आहेत, आणि ते बाईंनी स्वतःचे खर्चून कामाला लावलेले आहेत.

बाई, साठी झाली, शंभरी व्हावी. डोळे निवावेत, अंगणात निवांत ऊन खावं, आबांशी भांडायला भरपूर वेळ मिळावा. आणि रोज सकाळी तुम्ही उठाल तेव्हा, बाई, आमच्यापैकी कुणाचंच काही अडलेलं नसावं.