येरमाळ्याचा प्लग

देशातली सगळी वाहनं विजेवर कशी आणायची, हे सध्या दोनच ठिकाणी ठरतंय: दिल्लीत, आणि भूमला माझ्या थोरल्या बहिणीच्या ओसरीवर. त्यात दिल्ली मागं पडलीय, असं माझ्या दाजींचं मत. धुराशी त्यांचं उभं वैर. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभ्या जीपच्या नळीत पांढरा रुमाल फिरवायचा आणि काळा झाला की ड्रायव्हरच्या नाकासमोर धरायचा. "हे तुझ्या लेकरांच्या छातीत चाललंय." एकदा एक ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "काका, रुमाल धुनार काकूच न्हवं?" तेव्हापासून दाजी रुमाल स्वतः धुतात. पण फिरवायचं सोडलं नाही.

सरकारनं चार्जिंगचे खांब रोवत बसू नये, अशी त्यांची योजना. गावोगावी प्रत्येकाचं कुणीतरी नात्यातलं असतंच. त्यानं एक प्लग द्यायचा, की झालं. खोट एकच. गाडी भरेपर्यंत पाहुण्याला आपल्याकडं रिकामं बसू देत नाहीत. विजेच्या स्कूटरवर बार्शीला निघालेले दाजी वाटेत भाचीकडं थांबले. तिथं चहा, पोहे, जेवण, मग "उन्हाचं कुठं जाता मामा" म्हणून झोप, आणि संध्याकाळी भरल्या गाडीवरून भरल्या पोटानं भूमला परत. बार्शी राहिलीच.

गेल्या हिवाळ्यात मी बहिणीकडून जळकोटला घरी निघाले, तेव्हा दाजी आडवे आले. "मेहुणबाई, धाराशिवपर्यंत बिनधुराचं सोडतो. पुढं घ्या तुमची एसटी." येरमाळा येईपर्यंत बॅटरीचा काटा खाली बसला. येरमाळ्यात त्यांचं एकच घर, धाकट्या भावाचं. पुतणीच्या लग्नात दाजींना फेट्याऐवजी टोपी मिळाली, तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. मी म्हटलं, "हॉटेलवर लावू की." दाजींनी गाडी रस्त्याकडेला घेतली. मग म्हणाले, "सख्ख्या भावाला प्लग मागता येईना, तर देशाला कुठल्या तोंडानं सांगू?" आणि गाडी ढकलत निघाले.

भाऊ दारातच होता. त्यानं आधी गाडी पाहिली, मग दाजींना.

"किती येळ लागंल?"

"लई लागंल."

"लागू द्या. आत या."

त्यानं टीव्हीची वायर उपटून प्लग मोकळा करून दिला. दुपार कलल्यावर मी एसटी धरली. दोघं तेव्हा टोपीवरूनच भांडत होते, पण एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून.

देशाची योजना अजून येरमाळ्याच्या पुढं सरकलेली नाही. दाजी दर आठवड्याला तिथवर जातात. आता नवी बॅटरी घेतलीय, जाऊन-येऊन पुरून उरते. तरी पोचल्यावर आधी वायर लावतात. मागच्या खेपेला मीही सोबत होते. निघायच्या वेळी काटा पार वर टेकलेला मला दिसला, भावालाही दिसला.

"आज जरा हळू भरतीय," भाऊ म्हणाला.

"व्हय," दाजी म्हणाले, आणि चपला काढून परत आत गेले.