वरून टाके नसलेली जखम

...मोड आलेले वाल सोलत ओटीवर बसले होते. सकाळचं अंगण झाडून, पाणी भरून झालेलं. तेही धाकट्या जावेने, सुनंदाने. मला हंडा उचलायची बंदी होती.

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन नुकतीच घरी आले होते. दुर्बिणीचं ऑपरेशन... पोटावर चार बारीक छेद, आणि ते वरून चक्क डिंकासारख्या औषधाने चिकटवलेले! सुनंदा हसायची, "ताई, पोट हाय का पतंग? वारा सुटला तर जाल उडून."

मला हसू येत नव्हतं. काही वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा पोटाला मोठी चीर होती, जाड टाके होते. तरी घरी आल्यावर जखम उसवली. रेवसवरून लाँचने मुंबईला नेलं... येताना मी एकटी होते.

दोऱ्याने शिवलेलं उसवतं, तर डिंकाचा काय भरवसा? खोकला आला की पोटाशी उशी धरायची, शिंक आली तर दाबायची. वाचायचा नाद, म्हणून मोबाईलवर शोधून वाचलं... आणि जास्तच घाबरले.

तर त्या सकाळी बेंबीपाशी खाज आली. पदराखालून बोट फिरवलं आणि नखाला पातळ पापुद्रा लागून आला. वाटलं, वालाचं साल असेल. उजेडात धरलं... तो डिंक होता.

खाली बघायचं धाडस होईना. एका हाताने पोट घट्ट धरून सुनंदाला हाक मारली.

रिक्षात ती सारखी "हळू घे रे" म्हणून ओरडत होती. मला मात्र प्रत्येक खड्ड्याला लाँचच्या बाकावर आडवे झालेले हे दिसत होते.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "काकी, हा पापुद्रा निघायचाच होता. आत विरघळणारे टाके आहेत, आणि वरची कातडी जुळलीय. बघा तरी."

"मग वरून आता धरून कोणी ठेवलंय?"

"तुम्हीच की!"

मग बघितलं. बोटाच्या पेराएवढी गुलाबी रेघ... कोरडी. अशी कोरडी रेघ ह्यांच्या पोटावर दिसावी म्हणून मी रोज पट्टी उचलून बघायचे. ती आज माझ्या पोटावर होती.

घरी येईपर्यंत सुनंदाने माझा हात सोडला नाही. पतंगाचं नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेले वाल सोलले आणि दोघींपुरतं बिरडं केलं.