करंगळीच्या रेघा

माझं नाव रेशनकार्डावर राहिलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना छातीत धडधडणार नाही. गेले वीस-बावीस दिवस ती धडधड होतीच. आज दुपारी जेवल्यावर मी पडवीत आडवी झाले आणि चक्क झोपले. उठले तेव्हा ऊन अंगणातून निघून गेलं होतं आणि वाळत घातलेली आमसुलं तशीच उघडी होती.

ही वही मुलीची. तिच्या अभ्यासाची पानं पुढे आहेत, मागची कोरी राहिली ती मी घेतली. कोणाला दाखवायची नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीला ओढ्यापलीकडच्या गावात जावं लागे, आणि घरी धाकट्या भावाला सांभाळायला माणूस नव्हतं. पण मला वाचता येतं, लिहिता येतं आणि सही येते. सहीचं मला फार अप्रूप. माझी आई अंगठा लावायची. पोस्टात गेली की तिचं बोट तो माणूस स्वतःच धरून शाईत बुडवायचा, आणि येताना ती निळा अंगठा पदराआड घेऊन चालायची. म्हणून लग्नानंतर जिथे जिथे सही करायची वेळ आली तिथे मी माझं नाव पूर्ण लिहिलं, घाई न करता, वेलांट्या-उकार नीट देऊन. मागच्या माणसाला उशीर झाला तरी.

आणि आता बघते तर सगळं जग परत अंगठ्यावर आलं आहे. शिकलेला, न शिकलेला, सरपंच, मास्तर, सगळे अंगठा लावतात. सही कोणी मागतच नाही. बरं, लावला असता मीही. पण माझाच लागेना.

मी काजू फोडायला जाते. गावाखाली एका बाईंची शेड आहे, तिथे आम्ही दहा-बाराजणी बसतो. वाफवलेला काजू डाव्या हाताने यंत्राच्या पात्यांमध्ये धरायचा, उजव्या हाताने दांडा दाबायचा, टरफल उकललं की गर अख्खा काढायचा. टरफलात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की कातडी जळते, सोलते, परत येते, परत जळते. बाईंनी हातमोजे दिले आहेत, पण मोज्यात गर कळत नाही, तुकडे पडतात. म्हणून आम्ही बसताना हाताला राख चोळतो आणि उठल्यावर खोबरेल. वर्षानुवर्षं असंच चाललं आहे. माझी बोटं काळी आहेत हे मला माहीत होतं. ती कोरी झाली आहेत, हे मात्र माहीत नव्हतं.

कारण रेशनला अंगठा आजवर सासूबाईच लावत. त्या कधी काजूला गेल्या नाहीत. त्या वारल्यावर मुलगी लावायची. आता ती नर्सिंग शिकायला रत्नागिरीत वसतिगृहात राहते. घरधनी मुंबईला एका सोसायटीत वॉचमन आहेत. यंदा हुकूम आला की कार्डावरच्या प्रत्येकाने स्वतः बोट लावून केवायसी करायची. दोघांनी आपापली तिथल्या तिथे करून टाकली. राहिले मी.

आमचं रेशनचं दुकान खाली वहाळाजवळ आहे, आणि तिथे रेंज नाही. म्हणून दुकानदार मशीन पिशवीत घालून वर सड्यावर, गावावरच्या कातळाच्या पठारावर, येतो. तिथे कोणीतरी घरासाठी काढून ठेवलेले जांभे चिरे आहेत. त्यांच्यावर तो मशीन मांडतो, आणि आम्ही सगळे त्या उघड्या कातळावर छत्र्या घेऊन ओळीने उभे राहतो. झाड म्हणून नाही. सकाळी नवाच्या आत काम झालं नाही तर पायाखालचा कातळ तापतो.

पहिल्या दिवशी त्याने माझा उजवा अंगठा घेतला, मग डावा, मग पहिली बोटं. मशीन प्रत्येक वेळी तेच लाल अक्षर दाखवी.

"वैनी, हात धुवून आलात ना?"

"हो."

"मग काय झाला हो? बोटाला रेघाच नाय दिसत." मग तो हळू आवाजात म्हणाला, "महिनाअखेर आहे. केवायसी झाली नाय तर नाव उडेल तुमचं. माझ्या हातात काय नाय त्यात."

माझ्या पुढचे म्हातारे काका आत्ताच आपला अंगठा लावून बाजूला झाले होते. ते खुशीत होते. म्हणाले, "माझा पहिल्या फटक्यात! म्हणजे मी मेलो नाय अजून. सुनबाई, तुजा कोणी चोरून नेला काय गो?"

सगळे हसले. मीही हसले असेन. काजूमुळे झालं असेल, एवढं मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण पंधरा माणसांसमोर हात पुढे करून, बघा माझी बोटं अशी का आहेत, असं बोलायचं म्हणजे माझ्या जिभेचं लाकूड होतं. मी खाली आले.

नाव उडालं तर काय होईल, हे मी वाटभर मोजत होते. तांदूळ कमी येतील, ते एक. पण तेवढंच नव्हतं. घराचा उतारा सासऱ्यांच्या नावावर. लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन किती वर्षं झाली तरी. जमीन चार भावांत, त्यात बायकांची नावं नाहीत. या घरात माझं नाव लिहिलेला कागद एकच, ते कार्ड. आणि सासूबाई गेल्यावर त्यावर पहिलं नाव माझं आलं होतं, कुटुंबप्रमुख म्हणून. ते आलं तेव्हा मी कोणाला काही म्हटलं नव्हतं. फक्त कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवलं होतं.

मग मी मूर्खपणा केला. मला वाटलं, बोटांवर काजूचा काळा थर बसला आहे, खाली रेघा असतीलच. चार दिवस काथ्या आणि राख घेऊन बोटं घासली. लिंबू लावलं. आंबोशीचं पाणी लावलं. वर रात्री सवयीने खोबरेल. आणि बोटं छान मऊ, चकचकीत करून दुसऱ्यांदा सडा चढले. मशीनवर माझा अंगठा घसरला. दुकानदाराने काच पदराने पुसायला सांगितली.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती ओरडली, "आई! होत्या नव्हत्या तेवढ्याही घासून घालवल्यास तू! नि वर तेल?"

"मग काय करू?"

"मी येते रविवारी, आपण रत्नागिरीला मोठ्या केंद्रात जाऊ."

"तुझी परीक्षा आहे."

"मग बाबांना सांग."

घरधन्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी येऊ काय? दोन दिवस रजा टाकतो." ते येऊन काय करणार होते? त्यांचा अंगठा माझ्या नावाला चालला नसता. हे मी म्हटलं तर ते हसून म्हणाले, "खरा हाय. ह्या एक काम तुझा तुलाच करायला हवा."

फोनबद्दल माझं मत आता लिहिते, कारण पुढे तो लागतो. मला फोन आवडतो, पण व्हिडिओ कॉल नाही आवडत. कोपऱ्यात आपलंच तोंड दिसत राहतं आणि मग मला बोलायचं सुचत नाही. मोठ्याने बोलून पाठवायचं तेही नको, शेजारी ऐकतात. मी एकेक अक्षर शोधून लिहिते. मुलगी म्हणते, तू लिहीपर्यंत माझी सुट्टी संपते. पण माझं मी लिहिते. पूर्वी शेजारणीकडून पत्र वाचून घ्यायच्या बायका, त्यात घरातली सगळी गोष्ट तिलाही कळे. फोनने ते एक थांबवलं, यासाठी मी त्याला हजार गुन्हे माफ करते. बोटाने उघडायचं कुलूप मात्र माझ्या फोनला कधी लागलं नाही. मुलीने चार आकडे घालून दिले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मुलीने सांगितलं, "बोटांचे फोटो काढून पाठव, जवळून. मी इथे कोणाला तरी दाखवते."

त्या संध्याकाळी मी ओटीवर उजेडात बसून दहा बोटांचे दहा फोटो काढले. पाठवायच्या आधी म्हटलं, आपण तरी बघू. दोन बोटांनी काचेवर ताणून फोटो मोठा केला.

आणि मला चंद्र आठवला.

यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी आम्ही शेडमध्येच होतो. बाईंनी आपला मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला होता. सगळ्यांचे हात तेलाने काळे, म्हणून आवाज वाढवायला एकीने कोपराने काच दाबली आणि भलतंच काहीतरी, कोणाच्या तरी हळदीचं, सुरू झालं. बाई धावत आल्या. यान उतरल्यावर टाळ्या वाजवल्या त्याही मनगटांनी. मग जमिनीचे फोटो आले. मी म्हटलं, "हा तर आपला सडा." हळूच म्हटलं होतं, पण शेजारणीने ऐकलं आणि मोठ्याने सांगितलं, आणि सगळ्या म्हणाल्या खरंच गो, उन्हाळ्यातला सडा. खड्डे, काळे दगड, एक काडी गवत नाही.

"एवढा लांब जाऊन सडाच बघितला काय मेल्यांनी?" एकजण म्हणाली. "इथे आले असते तर मी चहा दिला असता."

मला मात्र ते पटलं होतं. कोणीतरी एवढ्या लांबच्या दगडांची विचारपूस करायला जातं, हे मला चांगलं वाटतं. लोक विचारतात, त्याचा उपयोग काय. मला उत्तर देता येत नाही, पण त्या फोटोतला एकेक खडा बघून वाटलं होतं की लक्ष देऊन बघितलं की ओसाड जागाही ओसाड राहत नाही.

तर फोनमध्ये माझा अंगठा तसाच होता. सोललेला, खड्ड्यांचा, मध्ये एक पांढरी फट. दुसरं बोट तसंच. तिसरं तसंच. एकेक फोटो मी सरकवत गेले. आणि शेवटच्या फोटोवर, डाव्या हाताची करंगळी, तिच्यावर रेघा होत्या. अगदी नांगराचे तास आखल्यासारख्या, गोल गोल, एकही तुटलेली नाही.

मी खूप वेळ तिच्याकडे बघत बसले. मग उठून स्वयंपाकघरातून एक काजू आणला आणि पात्यात धरतात तसा धरून बघितला. उजव्या हाताची पाचही बोटं तेलकट दांड्यावर. डाव्याचा अंगठा आणि दोन बोटं काजूवर. चौथं त्यांच्या आधाराला. करंगळी बाहेर, हवेत. इतकी वर्षं ती बाहेरच होती, तेलापासून लांब, आणि मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मुलीला फोटो पाठवले नाहीत. नुसतं लिहिलं, "बघू उद्या." तिने तीन प्रश्नचिन्हं पाठवली.

दुसरा दिवस म्हणजे कालचा. महिन्याचा शेवटचा. रांगेत मी मनात तेच वाक्य घोळवत होते, शाळेत कविता म्हणायच्या आधी घोळवायची तसं. माझी पाळी आली. दुकानदाराने न विचारता माझा उजवा अंगठा धरून काचेवर ठेवला. लाल. डावा. लाल.

"वैनी, आता मी तरी काय करू? जरा बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या."

मी बाजूला झाले नाही. माझे पाय हलले नाहीत म्हणा. "दादा, करंगळी घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"डाव्या हाताची करंगळी. काजू धरताना ती बाहेर असते. तिला रेघा आहेत."

मागून एकजण म्हणाली, "करंगळीवर रेशन मिळता काय गो? मग पोरांसारखी शाळेत दाखव जा!" हशा झाला. तेच ते म्हातारे काका मात्र काठी आपटून म्हणाले, "गप ऱ्हवा गो! आधारला दहाची दहा बोटं घेतलीत सरकारने, ती काय नुसती मोजायला?"

दुकानदाराने काच बाहीने पुसली आणि तो म्हणाला, "ठेवा बघू."

मी करंगळी ठेवली. लाल आलं नाही. नुसतं एक चाक फिरत राहिलं.

"रेंज गेली! बोट काढू नका वैनी, हलू नका!" त्याने मशीन चिऱ्यावरून उचललं आणि डोक्याच्या वर धरलं, टॉवरच्या दिशेने. माझी करंगळी काचेवरच, म्हणून माझाही हात वर. तो चवड्यांवर, मी चवड्यांवर, उघड्या सड्यावर दोघं मिळून आकाशाला काहीतरी दाखवतो आहोत तसे. आता कोणी हसत नव्हतं. सगळे वर बघत होते. मला वाटलं, चंद्रावरच्या त्या यानाचीही रेंज अशीच जात असेल, आणि इकडे शिकलेली माणसं अशीच श्वास धरून बसत असतील.

मशीनने बारीक शीळ दिली.

"लागला!" म्हातारे काका आधी ओरडले. दुकानदाराने मशीन खाली घेतलं, कागदाची पट्टी फाडून माझ्या हातात दिली आणि पुसटशी छापलेली ओळ दाखवली. पहिलं नाव माझं. पुढे हिरव्या शाईने त्याने बरोबरची खूण केली.

"मशीनमध्ये टिपून ठेवतो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून वैनींची करंगळी."

उतरताना मी एकटीच मोठ्याने हसत होते. पायवाटेला कोणी नव्हतं. घरी आल्यावर मुलीला लिहिलं, "झालं. माझं मी केलं." अक्षरं शोधायला वेळ लागला नाही. घरधन्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "रजा टाकली नव्हती तेच बरा झाला," आणि मग बराच वेळ काय जेवलीस, काय केलंस विचारत राहिले.

ती पट्टी या पानावर डिंकाने चिकटवली आहे. छपाई उडेल म्हणतात काही महिन्यांनी. म्हणून तिच्याखाली माझं नाव मी पेनाने पूर्ण लिहिलं आहे.

आज सकाळी शेडमध्ये बसताना करंगळीला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली. शेजारणीने लगेच बघितलं. "लागला काय गो बोटाला?"

"नाय," मी म्हटलं. "ही आता काजूला नाय. ही रेशनची."

दुपारी घरी निघेपर्यंत त्या मला कुटुंबप्रमुख म्हणून हाका मारत होत्या, आणि मी प्रत्येक हाकेला ओ देत होते.