अंगावर काढलेलं दुखणं

"हे कुणाचं आहे?"

मॅडमनी माझा केसपेपर दोन बोटांत धरला होता. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात, तसा. दुसऱ्या हातात गोळ्यांची पुडी. शनिवारची सकाळ, कुसगावातला त्यांचा बंगला, व्हरांड्यात पाहुण्यांचा नाश्ता चाललेला. पोहे मीच केले होते.

"माझं हाय, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला आणि कागद मोठ्यानं वाचला. ओटीपोटात सूज. पांढरं जाणं. वास. संबंधाच्या वेळी दुखणं. एक शब्द सोडला नाही. चार पाहुणे होते. एका बाईनं मान खाली घातली. एका पुरुषानं पोह्यांची बशी बाजूला सारली.

"आमच्या चादरींच्या कपाटात हे ठेवतेस? तुम्हा लोकांना स्वच्छता म्हणून काही कळतच नाही. रोग घेऊन घरभर फिरायचं आणि त्याच हातांनी गाद्या घालायच्या!"

त्या बंगल्यात चार बाथरूम. चारही मी घासते. वापरायची मात्र मला मनाई. मला स्वच्छता शिकवत होत्या.

मग त्यांनी फिनेलची बाटली पुढे केली. "कपाट पूस. तू बसतेस ती खुर्ची पूस. आणि निघ."

फाटकाशी माझा नवरा उभा होता. तो लोणावळा स्टेशनवर टॅक्सी चालवतो. पाहुण्यांना त्यानंच आणलं होतं. मॅडमनी त्याला हाक मारून विचारलं, "तुला माहीत होतं का रे हे?"

तो म्हणाला, "मला काय ठावं, मॅडम? बायकांचं काय ते. तिचं तिला म्हाईत."

पुडीवर नाव त्याचं होतं.

पहिल्यांदा मला लाजच वाटली. खोटं कशाला सांगू? राग नंतर आला. मी गुडघ्यावर बसले आणि कपाट पुसायला लागले.

केसपेपर तिथं का ठेवला, तेही सांगते. कार्ल्याला आमच्या घरात माझा असा एक कोपरा नाही. ट्रंक सासूची, फडताळ सासूचं. माझं म्हणावं असं काही लपवायला जागा होती ती एवढीच, परक्याच्या कपाटात, उशीच्या अभ्र्यांमागं.

वर्षभर ओटीपोट दुखत होतं. बादली उचलली की कळ. पाळी संपली तरी मधेच डाग. आमच्याकडे पांढरं अंगावर जातं आणि दुखणं अंगावर काढतात. बाईच्या अंगाला एवढंच काम. सासू म्हणाली, "उष्णता झालीय. धने-जिऱ्याचं पानी पी." मी प्याले. तीच सासू शेजारणीला सांगायची, "तीन वर्षं झाली, कूस उजवली न्हाई." ही दोन दुखणी एकाच जागेची असतील, हे तिला कळलं नाही. मलाही नाही.

एक दिवस ताप चढला आणि गादी घालता घालता मी तिच्यावरच कोसळले. शुद्धीवर आल्यावर आधी चादर बदलली, मग सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टरीण तरुण होती. तिनं पडदा ओढून घेतला. एवढ्यानंच मला रडू आलं. तपासून, नमुना घेऊन चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. म्हणाली, "बरं वाटलं तरी मधेच सोडायच्या नाहीत." रिपोर्ट आल्यावर पुन्हा बोलावलं. "दर वेळी हे नवऱ्याकडूनच येतं असं नाही. पण तुझ्या तपासणीत जे निघालंय ते संबंधातूनच येतं. त्याला घेऊन ये. दोघांचं औषध पुरं होईपर्यंत जवळ जायचं नाही."

नवऱ्याबिगर मला कोणी पुरुष माहीत नाही. तरी घरी त्याला सांगताना माझीच मान खाली.

"मला काय झालंय?" तो म्हणाला. "मी काय बाई हाय?"

दवाखान्यात तो आला नाही. जवळ मात्र आला. मी नको म्हणाले. माझ्या नको म्हणण्याला त्या घरात किंमत नव्हती.

दोन महिन्यांत दुखणं परत दारात. या वेळी डॉक्टरीण चिडली. केसपेपरच्या मागच्या बाजूला तिनं चित्र काढलं, मधे पिशवी, दोन बाजूंना दोन नळ्या. "सूज परत परत आली की या नळ्या आतून चिकटतात. मग मूल राहायला अडचण. राहिलंच तर नळीत अडकू शकतं, जिवावर बेतू शकतं. तू एकटीनं औषध घेऊन काय उपयोग?" तिनं त्याच्या नावाची वेगळी पुडी दिली. ती मी त्याच्या हातात ठेवली. त्यानं चुलीकडे भिरकावली. मी उचलली आणि अभ्र्यांमागं ठेवली. कधीतरी घेईल, या आशेवर. आशा कसली, मूर्खपणा.

तर मी कपाट पुसलं. खुर्ची पुसली. फिनेलनं डोळे चुरचुरत होते. मॅडम म्हणाल्या, "पायरीपण. जिथं जिथं बसलीस तिथं." आणि माझा केसपेपर कचऱ्याच्या डब्यावर धरला.

त्या कागदामागं माझ्या दोन नळ्या होत्या.

मी उठले. त्यांच्या हातातून कागद घेतला, पुडी घेतली.

"मॅडम, हे कपाटातनं लागत न्हाई. चादरीतनं न्हाई, खुर्चीतनं बी न्हाई. तुमच्या पाव्हण्यांनी पोहे खावेत. हे मला नवऱ्याकडनं लागलंय. त्यो बगा, फाटकापाशी उभा हाय."

मी अंगण ओलांडून गेले आणि पुडी त्याच्या छातीला लावली.

"हिच्यावर तुझं नाव हाय. वाच."

लग्नापासून मी त्याला 'तुमी' म्हणत आले होते. 'तू' कसा तोंडातून निघाला, माहीत नाही. परत आत गेला नाही.

फिनेलचं फडकं पायरीवर टाकून मी चालत हायवेला आले. घरी गेले नाही. तिकोणा पेठेला आईकडे आले.

चौदा दिवसांच्या गोळ्या परत पुऱ्या केल्या. पोटाची सूज उतरल्यावर डॉक्टरणीनं पिशवीत रंग सोडून नळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. डावी नळी बंद आहे. उजवी उघडी. त्या डाव्या नळीची भरपाई कोणी करणार नाही. ना मॅडम, ना सासू, ना तो. तिचा विचार आला की माझे दात आपोआप आवळले जातात.

महिन्यानं तो न्यायला आला. ओसरीत उभा राहून म्हणाला, "चल. लोक काय म्हणत्याल?"

आईनं माझी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती. कानाशी येऊन म्हणाली, "जा बाई. आमी बी काढलंच की अंगावर."

मी आईकडे पाहिलं. कमरेला हात लावल्याबिगर ती कधी उठलेली मी पाहिली नाही. वाटायचं, शेतातल्या कामानं. तिला कोणी कधी पडदा ओढून तपासलं नाही.

"तू काढलंस," मी म्हणाले. "मी काढायची न्हाई."

आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. तो चपला काढायला वाकला होता.

"थांब. दवाखान्यात गेलतास?"

त्यानं चपलेचा पट्टा सोडला.

"आदी तुझा केसपेपर दाखव. मग चपला काढ."

तो वाकलेला तसाच राहिला. मग पट्टा परत लावला. मी दार लावून घेतलं आणि आईनं भरलेली पिशवी रिकामी केली.