पुन्हा पहिल्या ओळीपासून

माझ्या वहिनींनी उभ्या आयुष्यात खाडाखोड केली नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही, त्यांची नोकरीच तशी होती. घरांची आणि जमिनींची खरेदीखतं टाइप करणाऱ्या एका कचेरीत त्या लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. खरेदीखताचा कागद शिक्क्याचा. त्यावर एक अक्षर चुकलं तरी खोडायचं नाही, पांढरं फासायचं नाही. कागद ओढून काढायचा, नवा घालायचा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायची. "पानाच्या अगदी शेवटी चुकलं तरी?" असं मी एकदा विचारलं होतं. "शेवटी चुकलं तर आधी घोटभर पाणी प्यायचं," त्या म्हणाल्या, "मग सुरुवात."

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी वरच्या मजल्यावर एकट्या राहतात, मी आणि माझी बायको खालच्या. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ कसा जाणार याची आम्हाला काळजी होती. मग एका संध्याकाळी त्या भाजी घेऊन आल्या आणि वर न जाता आमच्याच दारात थांबल्या. हातातली पिशवी खाली ठेवायचंही भान नव्हतं.

"भावजी, आज एक माणूस बघितला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत अकॉर्डियन वाजवत बसला होता. बोटांकडे एकदासुद्धा बघितलं नाही हो त्याने! न बघता बोटं चालवायची एवढंच असेल, तर ते मी जन्मभर केलंय."

त्या वर गेल्यावर बायको म्हणाली, "साठी बुद्धी नाठी." पण पुढच्याच आठवड्यात वहिनींनी त्या माणसाच्या वर्गात नाव घातलं आणि मास्तरांनी त्यांना वापरायला एक जुनं अकॉर्डियन दिलं. एका बाजूला पट्ट्या, दुसऱ्या बाजूला बटणं आणि मधे घड्यांचा भाता. भाता डाव्या हाताने उघडायचा, मिटायचा, म्हणजे आवाज निघतो. वजन म्हणाल तर भरल्या बादलीएवढं. ते पेटीत घालून वर्गात नेण्या-आणण्याचं काम कोणाकडे आलं हे सांगायला नको. मी चष्म्याच्या काचा घासणारा माणूस. गाण्याशी माझा संबंध शेजारच्या दुकानातल्या रेडिओपुरता. पण पेटी पोहोचवली की परत नेण्यासाठी थांबावंच लागे, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर बसून सगळं बघत असे.

मास्तर दिवसा लाकडी सामानाला पॉलिश करत, त्यामुळे त्यांच्या बोटांना कायम स्पिरिटचा वास यायचा. वहिनींची बोटं बघून ते आधी खूश झाले. पट्टी कुठे आहे हे एकदा सांगितलं की वहिनी पुन्हा विचारत नसत. पण दोन-तीन आठवड्यांनी मास्तर कान देऊन ऐकायला लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, प्रत्येक ओळ संपली की तुमच्या गाण्याला धाप का लागते?"

वहिनींनाही कळेना. मास्तरांनी त्यांना वाजवायला लावलं आणि स्वतः डाव्या हातावर नजर ठेवून उभे राहिले. समोरच्या कागदावरची ओळ संपली की वहिनींचा डावा हात भाता झटक्यात मिटवत होता. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ढकलतात ना, तसा! वहिनी आधी चकित झाल्या आणि मग इतक्या हसल्या की अकॉर्डियनही मांडीवर हलायला लागलं. "मास्तर, माझा हात अजून ऑफिसातच आहे," त्या म्हणाल्या.

ती सवय सुटली. दुसरी मात्र काही केल्या सुटेना.

मास्तरांनी त्यांना एक संथ, डुलत जाणारी धून दिली होती. वहिनी रोज सकाळी ती वाजवायला बसत. पहिली ओळ उत्तम, दुसरी बरी, तिसरीत कुठेतरी बोट घसरे. की थांबल्याच. एक क्षण शांतता आणि ये रे माझ्या मागल्या, पुन्हा पहिली ओळ. कधी चौथीत चुकत, कधी दुसरीतच. पण चुकलं की पहिल्यापासून. पुढे जाणं हा प्रकारच नाही. त्यामुळे ती धून सुरू कशी होते हे आमच्या अख्ख्या इमारतीला पाठ झालं, पण संपते कशी हे एकालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या कोणाचं काय झालं ठाऊक नाही, पण मला चैन पडेनासं झालं. काच घासता घासता मी त्या धुनेला शेवट लावायला लागलो. एक शेवट वर चढत जाणारा, एक अलगद खाली येणारा. समोरच्या घरातली नर्स एकदा जिन्यात थांबवून म्हणाली, "काका, त्या गाण्याचं पुढे काय होतं हो?" जसं काही मीच ते अडवून ठेवलं होतं. मी मास्तरांना विचारलं, तर ते हसून म्हणाले, "तुमच्या वहिनींकडूनच ऐका." शेवटी मी वहिनींच्याच मागे लागलो.

"वहिनी, नुसता शेवट वाजवा. दोन ओळी फक्त."

"सुरुवात झाल्याशिवाय शेवट कसा वाजवू, भावजी?"

"तिसरी ओळ चुकली तर चुकू दे ना!"

"आणि चुकलेली तशीच ठेवू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काहीतरी वंगाळ बोललो होतो.

"वाजवणारी वरच्या मजल्यावर आणि वेड लागलंय खालच्या मजल्यावर," बायकोने मला टोमणा मारला. पण तीही स्वस्थ बसली नव्हती. एका सकाळी ती मटार घेऊन वर गेली आणि वहिनींच्या शेजारी सोलत बसली. वहिनी अडल्या तशी म्हणाली, "जाऊबाई, एक दाणा किडका निघाला म्हणून मी सगळे मटार पहिल्यापासून सोलायला घेते का?" वहिनींना ते पटलं. मनापासून पटलं. आणि पुढची चूक झाल्यावर त्या पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या.

आतापर्यंत हा सगळा गमतीचा मामला होता. मग वाचनालयाच्या वाद्यमंडळातला अकॉर्डियनवाला गाव सोडून गेला आणि एक खुर्ची रिकामी झाली. दोन व्हायोलिनं, एक बासरी, एक गिटार आणि ढोलकं बडवणारे एक निवृत्त पोस्टमन, एवढंच ते मंडळ. वहिनींनी ती खुर्ची मागितली. मास्तरांनी आढेवेढे घेतले नाहीत, पण लपवाछपवीही केली नाही.

"बाई, मंडळात गाणं सुरू झालं की ते कोणासाठी मागे येत नाही. रविवारी सगळ्यांबरोबर वाजवा. मध्येच मागे गेलात तर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

त्या रात्री वहिनी आमच्याकडे जेवल्या. भात नुसता चिवडत होत्या. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ऑफिसात मी एक दिवस गेले नाही तर लोकांची कामं अडायची. आता मी चार दिवस झोपून राहिले तरी कोणाचं काही अडत नाही. तुम्ही दोघं आहात, पण तुम्ही घरचे. मला ती खुर्ची हवी आहे गं. मी आले नाही तर तिथे काहीतरी कमी पडेल, असं मला वाटायला हवंय."

माझं मेलं शेवटाचं कुतूहल मला पहिल्यांदाच क्षुल्लक वाटलं.

रविवारी मी पेटी घेऊन गेलो आणि बाकावर बसायचं सोडून दारातच उभा राहिलो. वहिनींनी पट्टे खांद्यावर घेतले, भाता सोडला. मास्तरांनी मान हलवली आणि धून सुरू झाली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. सगळ्यांच्या आवाजात वहिनींचा आवाज कसा मिसळतोय हे ऐकण्यात मी रमलो होतो, आणि तेवढ्यात तिसऱ्या ओळीत तो घसरलाच. चांगला मोठ्यांदा. वहिनींचा हात पट्ट्यांवरून उचलला गेला. त्यांची मान वर झाली. कागदाच्या पहिल्या ओळीकडे.

झालं, मी मनात म्हटलं.

व्हायोलिनं पुढे गेली. बासरी पुढे गेली. पोस्टमननी एकही ठोका चुकवला नाही. मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत होते. त्या आवाजाच्या मधोमध वहिनी मिटलेला भाता धरून एकट्या बसल्या होत्या आणि मला वाटलं, आपण जाऊन त्यांना उठवून घरी न्यावं. मग त्यांची नजर हळूहळू कागदावरून खाली उतरायला लागली. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. ओठ हलत होते. मंडळी कुठवर पोहोचलीत ते त्या शोधत होत्या. त्यांनी भाता उघडला आणि सूर लावला. चुकीचा. बासरीवालीने भुवया वर केल्या. पुन्हा लावला, पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा लावला तो नेमका बाकीच्यांच्या सुरात जाऊन बसला, आणि तिथून त्या निघाल्या. वाटेत अजून एकदा चुकल्या. थांबल्या नाहीत.

असा मी त्या धुनेचा शेवट ऐकला. खरं सांगायचं तर मी रचलेले दोन्ही शेवट त्याहून बरे होते. तरी मी एका पॉलिशवाल्याच्या वर्गाच्या दारात डोळे पुसत उभा राहिलो, आणि त्याची मला लाजही वाटली नाही.

मास्तरांनी कोणाला शाबासकी दिली नाही. कागद गोळा करता करता ते वहिनींना एवढंच म्हणाले, "गुरुवारच्या सरावाला खुर्ची जरा खिडकीकडे घ्या. तुमचा भाता बासरीला लागतो."

बाहेर आल्यावर वहिनी वाचनालयाच्या पायरीवर बसल्या. मी पेटी खाली ठेवली.

"भावजी, मी चुकले."

"ऐकलं मी."

"एकदा नाही, चांगली चार वेळा. सगळ्यांच्या देखत." त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. दादा गेला तेव्हाही मी त्यांना असं मोकळेपणी रडताना बघितलं नव्हतं. "मला वाटायचं हो, चुकलं की संपलं. जन्मभर तेच वाटत आलं. आणि इथे मी चुकले, तरी ते म्हणतात गुरुवारी या."